कान्हेरी डोंगररांग

कान्हेरी डोंगररांग : मुंबई उपनगर आणि ठाणे जिल्ह्यांत, साष्टी बेटाच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेली बेसाल्टी डोंगररांग. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, पूर्वेला मुलुंड, भांडुप, दक्षिणेला पवई. उत्तरेकडे येऊरचे जंगल ओलांडून ती घोडबंदरच्या खाडीकडे उतरते. तिचा बहुतेक भाग सुमारे १०४ चौ. किमी.च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. कान्हेरी लेण्यांच्या वरच्या अंगाचे जांभूळमाळ (सुमारे ४६८ मी.) हे बृहन्मुंबईतील सर्वांत उंच ठिकाण. सह्याद्रीत हिंडणारा याला टेकाडच म्हणेल आणि उंचीपुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. या रांगेचे वर्णन एरवी धबधबे, धुके आणि हिरवळ एवढ्यावर आटोपते. पावसाळ्यापुरते ते ठीक. पण वर्षातले निम्म्याहून अधिक महिने ही रांग कोरडी असते. तिची झाडे आणि तिच्यावर माणसाने केलेले बांधकाम या कोरडेपणाला धरूनच घडले आहे. म्हणून ती समजून घ्यायची तर फाल्गुन-चैत्रात, माथ्यावरून चालत, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या डोंगराला कोरडा म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे काय, असा आक्षेप लगेच येईल. पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती टिकतो, हे इथे महत्त्वाचे आहे. हा सगळा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खालचा खडक सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बनलेला आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला त्याच काळातल्या लाव्ह्याचे उभे खांब दिसतात. कान्हेरीला मात्र गोटे आणि राख एकत्र थिजून झालेला कोणाश्म आहे. माथ्यावर मातीचा थर पातळ, बऱ्याच जागी तर उघडा कातळच. पाणी मुरण्याआधी वाहून जाते आणि मार्चपर्यंत ओढ्यांत नुसते गोटे उरतात. याची सर्वांत जुनी साक्ष लेण्यांतच आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे इथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता आणि शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांपैकी बहुतेकांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे आणि त्यासाठी दिलेल्या दानांची नोंदही आहे. टाक्यांच्या वरच्या कातळात बोटभर खोलीच्या पन्हळी कोरून उताराचे पाणी तोंडाशी आणले आहे. बारमाही झरा हाताशी असता तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. लेणे क्र. ९० मध्ये अकराव्या शतकाच्या आरंभी येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंचे पहलवी लेख आहेत. त्यांवरचे दिवस १००९ आणि १०२१ मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे निघतात, म्हणजे टाकी भरलेली असण्याच्या हंगामातले. तीन लेखांवरून नियम सांगता येत नाही, हे कबूल. पण पाहुणा पाणी असताना येतो, हा अंदाज वावगा नाही.

झाडेही हेच सांगतात. माथ्यावरचे जंगल पानगळीचे आहे. पाने टाकून पाण्याचा खर्च थांबवायचा, हा ऐन, साग, कुडा, काटेसावर या सगळ्यांचाच शिरस्ता. कहांडोळ तर उन्हाळ्यात पार निष्पर्ण होतो आणि त्याचे पांढरे गुळगुळीत खोड काळ्या कातळावर दुरूनही उठून दिसते. वसंत इथे पालवीच्या आधी फुलांनी येतो. पळस जवळून पाहावा: फांदीला पान एकही नाही, कळीचा देठ काळपट मखमली, आणि नारिंगी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. फुलातल्या मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर सकाळभर भांडत असतात; ऐन कोरड्या दिवसांत त्यांना मिळणारा हा मोठा ओलावा. पांगारा आणि काटेसावर याच सुमारास फुलतात. कोशिंबाची कोवळी पाने इतकी लाल असतात की नवखा माणूस त्यांनाच फुले समजतो. पावसाळ्यात हे काहीच दिसत नाही. तेव्हा कारवीचे रान सगळा उतार झाकून टाकते आणि डोंगराचा आकारही कळत नाही. वसंतात मात्र लाव्ह्याच्या थरांच्या पायऱ्या, कडे, घळी सगळे उघडे पडते, आणि जांभूळमाळावरून हवा स्वच्छ असेल तर तुळशी, विहार, पवई हे तिन्ही तलाव नजरेत येतात.

या तलावांवरूनच दुसरा आक्षेप निघतो: ज्या डोंगराने शहराला पाणी पाजले तो कोरडा कसा? विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही खोऱ्यांत बांध घालून केलेले आहेत आणि म्हणून पाणी तिथे थांबते. माथ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय आज मुंबईला पुरवठा करणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यात या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. खरी भिस्त भातसा आणि वैतरणेवर. उद्यानातल्या जनावरांसाठीसुद्धा उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरावे लागतात, आणि वैशाखी पौर्णिमेच्या रात्री प्राण्यांची गणना पाणवठ्यांवर बसून करतात ती याच कारणाने: दुसरीकडे पाणी क्वचितच असते.

लेण्यांपलीकडे ही रांग अनवटच आहे. उद्यानाला वर्षाला लाखो लोक भेट देतात, मग ती अनवट कशी, असेही विचारले जाईल. ही गर्दी बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर असते आणि लेण्यांशी संपते. रांगेवरून आरपार जाणारा एकही सार्वजनिक रस्ता नाही. बोरिवलीहून मुलुंडला जायचे तर घोडबंदर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा वळसा पडतो. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे नियोजित मार्गही बोगद्यांतून, डोंगराच्या पोटातून जाणार आहेत. त्यांच्या बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. अधिक वजनदार हरकत पाड्यांची आहे. नवापाडा, चुनापाडा, रावणपाडा इथल्या वारली, मल्हार कोळी कुटुंबांना हा डोंगर अनवट नाही. सरपण, रानभाज्या, करवंदे यांसाठी त्यांच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. ही हरकत मान्यच करावी लागते. अनवट हे विशेषण शहरातून येणाऱ्याच्या बाजूचे आहे, आणि आज ज्या पायवाटा चालायला मिळतात त्यांतल्या कित्येक याच लोकांनी मळलेल्या आहेत.

वसंतातली चाल सोपी नाही. उपनगरांत उष्म्याचे उच्चांक मेची वाट न पाहता मार्चमध्येही होतात, कारण त्या दिवसांत जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि खारा वारा उशिरा सुटतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी पारा ४१.७ अंशांवर गेला होता. अशा दिवशी सावली नसलेल्या कातळावर अकरानंतर थांबू नये. वाळलेली पाने उतारावर पाय सरकवतात. गवत वाळल्याने वणव्याची भीती असते. वनखाते त्यासाठी जाळरेषा काढते, तेव्हा विडी-काडी आणि चूल पूर्ण वर्ज्य. बिबट्यांची संख्या २०१८ च्या पाहणीत ४७ भरली होती. माणसांची चाहूल लागली की ते सहसा बाजूला होतात, तरी पहाटे आणि तिन्हीसांजेला पाणवठ्याजवळ रेंगाळणे शहाणपणाचे नाही. जांभूळमाळ व शिलोंडा या वाटांवर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जाता येते. उद्यान सोमवारी बंद असते. पाणी खालूनच भरून न्यावे. लेण्यांजवळच्या टाक्यांत चैत्रातही पाणी आढळते, पण ते पिण्याजोगे समजू नये.