हॅम्लेटची कुलुपं

मंगळवार, 3 सप्टेंबर 1991. काल अमेरिकेत लेबर डे होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट या रेल्वेच्या गावात, विटांच्या एका जुन्या इमारतीत तुम्ही पट्ट्यापाशी उभे आहात. पूर्वी इथे आइस्क्रीम बनायचं, आता चिकन तळून पॅक होतं.

सव्वाआठ वाजून गेलेत. पट्टा चालवणाऱ्या यंत्राची हायड्रॉलिक नळी नुकतीच दुरुस्त केली आहे. दाब चढताच ती जोडातून निसटते आणि आतलं तेल फवाऱ्यासारखं उडून फ्रायरखालच्या गॅसच्या बर्नरवर पडतं.

धूर काळा आणि दाट आहे, एका श्वासात छाती भरून टाकणारा. भोंगा वाजत नाही, छतातून पाणी पडत नाही. इथे तशी सोयच नाही. भिंत चाचपत तुम्ही दाराशी पोचता, खांदा लावता. दार हलत नाही. शेजारी कुणीतरी त्याच दारावर लाथा मारतंय. माल चढवायच्या धक्क्याकडे वळता, तर तिथे तोंडाशी ट्रेलर लावलेला. काही जण शीतखोलीत शिरतात. तिचं दार घट्ट लागत नाही आणि धूर मागोमाग आत येतो.

बाहेरून कुलूप का? कामगार चिकन चोरतील या संशयामुळे.

आता या दिवसापासून अकरा वर्षं मागे जा आणि तिथून एकेक वर्ष पुढे या. केंद्र सरकारचा निरीक्षक मांस तपासायला रोज येताना दिसेल. माश्या आत येऊ नयेत म्हणून दारं बंद ठेवायला त्याचीही संमती आहे. कामगारांच्या सुरक्षेची तपासणी करणारा राज्याचा निरीक्षक मात्र या सगळ्या वर्षांत एकदाही येत नाही. कोंबडीची तपासणी रोज, ती तळणाऱ्या बाईची कधीच नाही! मला सर्वांत जास्त संताप येतो तो याचा.

त्या सकाळी 25 जण गेले, त्यांत 18 बायका. 50हून अधिक जखमी झाले. मालकाला जवळपास 20 वर्षांची शिक्षा झाली आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या आतच तो सुटला.

1992मध्ये राज्याने कामगार सुरक्षेचे 14 नवे कायदे केले, निरीक्षक 60वरून 114 केले. धोक्याची तक्रार करणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, हीही तरतूद तेव्हाच झाली. हॅम्लेटच्या कारखान्यात युनियन नव्हती. कुलुपं कामगारांना माहीत होती. त्याबद्दल तोंड उघडलं तर नोकरी जाईल, हेही माहीत होतं.