खंड्याची सनद आणि श्वानाचा दरबारप्रवेश

चिखली, मेहकर, देऊळगांव राजा ह्या टापूंतील जुनीं दप्तरें ज्या संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांच्यापुढें एक प्रश्न ठेवावा म्हणून हें टिपण लिहिलें आहे. प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. माणसाची चाकरी करणाऱ्या कुत्र्यास राजसभेंत, यज्ञमंडपांत वा वाहनांत प्रवेशाचा हक्क असतो काय, आणि असल्यास तो कशाच्या आधारें? अंधांच्या सोबतीस शिकविलेलीं कुत्रीं देण्याची चाल जगांत रूढ झाल्यापासून हा प्रश्न न्यायाचा होऊन बसला आहे. मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें एक उत्तर आहे. परंतु तें आजवर वेडाच्या सदरीं जमा धरलें गेलें, ही आमची तक्रार आहे.

सातारकर शाहू महाराजांचा (मृत्यु १५ डिसेंबर १७४९) खंड्या नांवाचा आवडता कुत्रा होता. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचा जीव वांचविला. पुढें महाराजांनीं त्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून भर दरबारांत आणिलें, आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, आणि स्वतः पुनः पगडी घातली नाहीं. त्याचे नांवें जहागिरीची रीतसर सनद करून दिली व पालखीचा मानहि दिला. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या ग्रंथांत ही हकीकत महाराजांच्या बुद्धिभ्रमाच्या प्रसंगांत घातली, आणि मागाहून आलेल्या बहुतेकांनीं तोच शेरा गिरविला.

पगडीचा प्रसंग भ्रमाचा होता असें घटकाभर मानूं. परंतु सनदेस तोच न्याय लावितां येत नाहीं. जिवावर उदार होऊन केलेल्या चाकरीबद्दल इनाम देणें हा मराठशाहीचा नित्याचा व्यवहार होता. येथें चाकर चतुष्पाद, एवढाच काय तो फरक. पालखी तर निव्वळ वाहन नव्हे. ती सरकारांतून मिळावयाची, तिच्यासोबत भोयांच्या खर्चाची नेमणूक यावयाची, आणि पालखीच्या मानकऱ्यास देवडीवर अडविण्याची कोणा चोपदाराची छाती नसे. म्हणून ही सनद म्हणजे एका श्वानास लेखी मिळालेला प्रवेशाधिकार होय, असें आमचें मत आहे. ती नेमणूक चालू राखली गेली, हें डफहि सांगतो. आणि साताऱ्याचें दप्तर त्याच्या हाताखालीं होतें. संगम माहुली येथें खंड्याची समाधि आजहि दाखवितात. (रायगडावरील वाघ्याची गोष्ट निराळी. तिला समकालीन कागदाचा आधार नाहीं, व तेथील स्मारक विसाव्या शतकांतील आहे. दोहोंची गल्लत करूं नये.)

तथापि खंड्याचा हक्क एका पराक्रमाचा होता, शिक्षणाचा नव्हे. वर्तनावरून हक्क ठरावा हें तत्त्व याहून फार जुनें आहे. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्रांत शिरलेल्या सरमेच्या पिलास राजाचे भाऊ मारितात. सरमा येऊन विचारते कीं, ह्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, तें चाटलें नाहीं, मग मारिलें कां? त्यावर ते निरुत्तर होतात व राजास शाप भोंवतो. आजच्या नियमकर्त्यांनीं हें स्थळ अवश्य वाचावें. शिक्षणाच्या बाजूस चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (११२९) पाहावा. त्यांत ‘सारमेयविनोद’ असें श्वानांचें स्वतंत्र प्रकरणच आहे; मात्र त्याचा रोख शिकारीकडे आहे.

अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ त निघाली. महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांकरितां ती होती. अमेरिकेंत अशी संस्था १९२९ त स्थापन झाली. आपल्याकडे पोलिसी श्वानांचें शिक्षण चांगलें रुजलें आहे. पुण्यास शिकलेल्या ‘जंजीर’नें १९९३ च्या मुंबईंतील बाँबस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकिलें, व २००० सालीं त्यास सरकारी इतमामानें मूठमाती मिळाली. पण हा मान सरकारच्या श्वानाचा. अंध माणसाच्या श्वानाचा स्पष्ट उल्लेख २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत नाहीं. विमानप्रवासाच्या नियमांत तो आहे, आणि तेथें अट शिक्षणाची व साखळीची आहे. चिखलीस विमान नाहीं, आगगाडीहि नाहीं. येथील अंधास जी एसटी गांठावयाची, तिच्या दाराशीं खंड्याची सनद कोण दाखविणार?

आतां संग्राहकांस विनंति. वऱ्हाडांत मोंगलाई व मराठे यांचा दुहेरी अंमल दीर्घकाळ होता, त्यामुळें एकाच चाकरीचीं नांवें दोन भाषांत सांपडतात. फारसी कागदांत कुत्रीं राखणाऱ्यास ‘सगबान’ व हिंदुस्थानींत ‘डोरिया’ म्हणत. रोजकीर्दींत व नेमणुकांच्या यादींत हे शब्द, किंवा कुत्र्याच्या नांवें पडलेला खर्च आढळल्यास, त्या कागदाची नक्कल तारीख, शिक्का व शेऱ्यासह उतरून ठेवावी. खंड्याच्या मूळ सनदेची नक्कल कोणाच्या रुमालांत असेल तर तीहि प्रसिद्धीस द्यावी. तिच्यांतील कारणाचें एक वाक्य हातीं आलें तरी डफच्या शेऱ्याचा निकाल लागेल.