टाचेतील रक्ताचा थेंब

उत्तर कानडा जिल्ह्यातील जोयडा तालुका हा दाट अरण्याचा आणि धुवाधार पावसाचा मुलूख होय. काळी नदी ह्याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते. पश्चिमेस गोव्याची हद्द लागते. तालुक्याचे जुने ठाणे सुपे हे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कारभार जोयड्यास आला. येथील कुणबी शेतकरी भाताबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या कंदमुळे पिकवीत आले आहेत. अशा विरळ वस्तीच्या प्रदेशाचा रसायनशास्त्रातील एका शोधाशी संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु त्या शोधातून जे साधन निर्माण झाले, ते जणू अशा दूरच्या वाड्यावस्त्यांसाठीच घडविलेले आहे.

ह्या शोधाचा प्रारंभ १९३४ साली नॉर्वे देशात झाला. एका मातेची दोन्ही अपत्ये बुद्धीने मंद होती आणि त्यांच्या अंगास एक चमत्कारिक वास येई. अनेक वैद्यांची दारे झिजवून ती अखेर डॉ. आस्बिऑर्न फोलिंग ह्यांच्याकडे आली. फोलिंग हे वैद्य तसेच रसायनज्ञही होते. मुलांच्या मूत्रात त्यांनी फेरिक क्लोराइड मिसळले, तेव्हा द्रव हिरवागार झाला. बारकाईने शोध घेता ते द्रव्य फेनिलपायरुव्हिक आम्ल असल्याचे ठरले. पुढे ह्या व्याधीस फेनिलकीटोन्युरिया हे नाव मिळाले.

तिचे मूळ साधे आहे. आपल्या अन्नातील प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी फेनिलअलॅनिन ह्याचे रूपांतर यकृतातील एक एंझाइम टायरोसीनमध्ये करते. हे एंझाइम जन्मतः निकामी असले, म्हणजे फेनिलअलॅनिन रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूस इजा करते. आईबाप दोघेही निरोगी असून सदोष जनुकाचे वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास ही व्याधी होण्याचा संभव चारांत एक असतो. नात्यातील विवाहांत असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते.

१९५३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीस फेनिलअलॅनिन अत्यल्प असलेला आहार देऊन तिच्यात सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. मात्र एकदा झालेली मेंदूची हानी भरून येत नाही. म्हणून लक्षणे दिसण्यापूर्वीच निदान होणे अगत्याचे ठरले. ती अडचण अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री ह्यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दूर केली. बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यावयाचे, वाळवावयाचे आणि टपालाने प्रयोगशाळेत धाडावयाचे, एवढीच ती रीत!

भारतात ह्या कामाचा पाया कर्नाटकातच घातला गेला. १९८० पासून तेथे नवजात बालकांची अमिनो आम्लांच्या विकारांसाठी तपासणी झाली आणि एक लाखाहून अधिक बालके तपासली गेली. टायरोसीन साचण्याचा विकार, मेपल सिरप मूत्ररोग व फेनिलकीटोन्युरिया हे त्यांत आढळले. शेजारच्या गोव्यात २००८ साली नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला.

एक प्रश्न मात्र उरला होता. साचलेले अमिनो आम्ल पेशीस नेमके बाधते कसे? फेनिलअलॅनिन मेंदूच्या वाटेवर इतर अमिनो आम्लांची अडवणूक करते, असे एक उत्तर होतेच. २०१२ साली तेल अवीव विद्यापीठातील एहुद गाझित ह्यांच्या गटाने दुसरी बाजू दाखविली. फार दाट झालेले फेनिलअलॅनिन आपणहून एकत्र जुळून सूक्ष्म तंतू बनविते. ते तंतू अल्झायमरच्या रोगात आढळणाऱ्या अमिलॉइड तंतूंसारखे असून पेशींस मारक ठरतात. तोवर असे तंतू प्रथिनांचे किंवा पेप्टाइडांचेच होतात, अशी समजूत होती. पुढील प्रयोगांत हे तंतू कृत्रिम पटलांशी भिडविण्यात आले. पेशीचे पटल स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असते. काय आत यावे, काय बाहेर जावे हे तेच ठरविते. तंतूंच्या स्पर्शाने त्या रेणूंची मांडणी विस्कटते, असे दिसून आले. शेताचे कुंपण मोडले की राखण उरत नाही, त्यातलाच हा प्रकार. हे सारे प्रयोगशाळेतील निरीक्षण आहे. रुग्णाच्या मेंदूत ह्या तंतूंचा वाटा किती, ह्याचा शोध अद्याप चालू आहे.

तथापि उपचारास त्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. द्रव्य साचू दिले नाही, तर तंतूही होणार नाहीत आणि अडवणूकही होणार नाही. अशा बालकास डाळी, दूध, मासे ह्यांवर कडक मर्यादा येते, विशेष पोषणद्रव्य द्यावे लागते. जोयड्याच्या शेतकऱ्याचे कंद मात्र प्रथिनांत उणे असल्याने वैद्याच्या मापाने त्याच्या ताटात बसू शकतात. आहारास आरंभ जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा लागतो. भारतात प्रत्येक नवजात बालकाची ही तपासणी अजून होत नाही. घाटातील रस्ता पावसाने बंद पडला, तर दोन दिवसांनी उघडतो. वेळीच न वाचलेल्या मेंदूची वाट पुन्हा उघडत नाही.