पंचांचा निवाडा आणि मुलाचे हित : नंदुरबार परिसरातील एका प्रथेचा विचार

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास हा पश्चिम खानदेशाचाच इतिहास होय. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली. नव्या सत्तेबरोबर कचेऱ्या व न्यायालये आली. तथापि अक्राणी, अक्कलकुवा या डोंगरी भागांत भिल्ल, पावरा आदी समाजांचे घरगुती तंटे बहुधा पंचांपुढेच मिटत राहिले. या तंट्यांत मुलाचे स्थान कोणते, हा येथे विचाराचा विषय आहे.

विवाहप्रसंगी वराकडून वधूच्या घरी देज दिले जाते. त्यामुळे विवाह मोडला की तंटा दोन व्यक्तींचा न राहता दोन कुळांचा होतो. पत्नी दुसऱ्या पुरुषाकडे गेल्यास पहिल्या पतीला भरपाई किती द्यावी, हे ठरविणे पंचांचे मुख्य काम. कूळ पित्याकडून चालत असल्याने मुले सामान्यतः पित्याच्या घरची मानली जात. या पद्धतीचे गुण उघड आहेत. पंच दोन्ही घरांना ओळखतात, बोलणे घरच्या भाषेत चालते, आणि ठरलेली गोष्ट पाळली जाते की नाही हे सारे गाव पाहते. परंतु देज आणि भरपाई यांच्या हिशेबात दोन पक्ष बोलत. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, ते मूल मात्र तेथे पक्षकार नसे. स्त्रियांनाही पंचांत क्वचितच स्थान मिळे.

कायद्याने हा तिसरा पक्ष स्पष्टपणे मानला तो १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात. पालक नेमताना पाल्याचे हित पाहावे, आणि समजण्याइतके वय असल्यास त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. पुढे १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असे स्पष्ट केले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. परंतु १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे दोन्ही, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. अर्थात येथील कुटुंबांत रूढीचाच अंमल राहिला.

१९९६ च्या पेसा कायद्याने या रूढीला नवे बळ दिले. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा तंटे मिटविण्याच्या परंपरागत पद्धतीचे रक्षण करण्यास सक्षम आहे, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूस, महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, जो २०१७ मध्ये अमलात आला, पंचांच्या हातातील सर्वांत कठोर शस्त्र काढून घेतले. बहिष्काराच्या धाकाने घडविलेली संमती ही तडजोड नव्हे, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमानेही पक्षांची स्वेच्छा हाच मध्यस्थीचा पाया मानला.

मध्यस्थीची मर्यादाही ओळखली पाहिजे. मूल कोणाकडे राहावे, शाळा कोणती, सणाला ते कोणाकडे जावे, औषधोपचाराचा भार कोणी उचलावा, हे प्रश्न सामोपचाराने सुटतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असल्यास मात्र भरपाई देऊन तो मिटविता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती देणे बंधनकारक आहे, आणि असा खटला पक्षांतील समेटाच्या आधारे रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमालाही जमातीचा अपवाद नाही.

सारांश, पंच आणि न्यायालय यांतील एकाची निवड करणे हा खरा प्रश्न नव्हे. गावाचा जिव्हाळा आणि पाठपुरावा पंचांजवळ आहे; मुलाचे हित सर्वोपरी मानण्याची कसोटी कायद्याजवळ आहे. देजाचा हिशेब सुरू होण्यापूर्वी मुलाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला, आणि त्या बैठकीत आईचा शब्द बापाच्या शब्दाइतकाच ऐकला गेला, तरच जुनी प्रथा नव्या न्यायाला पोषक ठरेल.