गवयाला आमंत्रण

मिरज संस्थानातील एका समारंभाची हकिगत विष्णु दिगंबर पलुसकरांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. गावातील प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली. तरुण विष्णुबुवांवर अधिपतींची मर्जी असल्याने त्यांनाही आमंत्रण आले; त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मात्र वगळले गेले. चौकशी करता उत्तर मिळाले, ते तर गवई. ज्यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविली, त्यांचे समाजातील स्थान एवढ्यावरच ठरले होते. हकिगतीत पुढच्यांनी काही रंग भरला असेलही. परंतु गवयाचे गाणे हवे आणि गवई पंक्तीला नको, ही त्या काळाची रीत होतीच.

1896 साली विष्णुबुवांनी मिरज सोडले. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वाटेत काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली होती. या तिकिटाचे महत्त्व केवळ पैशापुरते नव्हते. दरबारात गवई धन्यासाठी गाई आणि बिदागी ही त्याची कृपा असे. तिकीट घेऊन आलेला श्रोता मात्र गाण्याचे मोल आधीच मान्य करून बसलेला असतो. विद्यालयातही हीच दृष्टी होती. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपीची पुस्तके, स्वतःचा छापखाना! गुरूच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरून मिळणारी विद्या आता छापील पानावर आली. तिच्यातील काही सूक्ष्म त्या पानावर उतरले नाही, हा आक्षेप खराच आहे. पण विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य पाहिले, की तो आक्षेप पुरता लागू पडत नाही.

प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. कुलीन घरांतील मुलामुलींनी गाणे शिकावे म्हणून बंदिशींतील शृंगार सौम्य झाला, भजनाला अग्रस्थान मिळाले. ज्या गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी जतन केली, त्यांना या सोवळ्या व्यासपीठावर जागा नव्हती. वास्तविक 1902 साली गोहरजानचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर उमटला होता आणि तो पुढे असंख्य घरांत पोहोचला. आवाजाला प्रवेश होता, बाईला नव्हता. बाळकृष्णबुवांच्या वाट्याला आलेला अन्याय असा दुसऱ्या दारी जाऊन उभा राहिला.

1923 च्या डिसेंबरात काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात बुवा 'वंदे मातरम्' गाऊ लागले, तेव्हा अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धर्मात संगीत निषिद्ध असल्याचे सांगून हरकत घेतली. ही राष्ट्रीय सभा आहे, कोणा एका धर्माचे प्रार्थनास्थळ नव्हे, असे उत्तर देऊन बुवांनी गीत पूर्ण केले. मिरजेच्या समारंभानंतर तीस वर्षेही झाली नव्हती आणि एक गवई भर सभेत अध्यक्षांना उत्तर देत होता! पुढे या प्रसंगाला केवळ हिंदु-मुस्लिम वादाचा रंग चढला. बुवांच्या गळ्यातील गायकी हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतून आलेली होती, हे मग दोन्ही बाजूंना आठवेनासे झाले. आणि पुण्यात 1913 साली 'आर्य संगीत विद्यालय' काढणारे गृहस्थ अब्दुल करीम खाँ होते, हेही.

1908 साली विद्यालय मुंबईस आले. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून टोलेजंग इमारत उभी राहिली आणि कर्ज न फिटल्याने ती सावकारांच्या हाती गेली. लोकाश्रयाने गवयाला मान दिला, हिशेबाची तोंडमिळवणी मात्र त्याच्यावरच सोपविली. उत्तरायुष्यात बुवा नाशिकला रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत निवर्तले. अब्दुल करीम खाँ 1937 साली वारले. त्यांचेही दफन मिरजेतच झाले. ज्या गावात बाळकृष्णबुवांना आमंत्रण गेले नव्हते, तेथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावू लागले.