गाम्मलस्वेन्स्कबी : नीपरकाठचं स्वीडिश गाव

युक्रेनच्या खेरसोन प्रांतात नीपर नदीच्या उजव्या तीरावर झ्मीइव्का नावाचं गाव आहे. झ्मीइव्का म्हणजे सापांचं गाव. इथल्या एका जर्मन वस्तीचं नाव होतं श्लांगेनडॉर्फ, त्याचंच हे भाषांतर. आज मात्र मी बोलणार आहे ते याच झ्मीइव्कात मिसळून गेलेल्या दुसऱ्या एका वस्तीबद्दल. तिचं नाव गाम्मलस्वेन्स्कबी, म्हणजे 'जुनं स्वीडिश गाव'. स्वीडिश माणसं काळ्या समुद्राच्या बाजूला आली कशी?

ही मंडळी मूळची बाल्टिक समुद्रातल्या दागो बेटावरची. आज ते एस्टोनियात आहे, नाव हीउमा. स्वीडनच्या राज्यात हे शेतकरी स्वतंत्र होते. १७२१ च्या तहाने बेट रशियाकडे गेलं आणि जमीनदारांशी त्यांचे हक्कांचे तंटे सुरू झाले. शेवटी सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने तोडगा काढला. तुर्कांकडून नुकत्याच जिंकलेल्या दक्षिणेकडच्या मुलखात माणसं हवीच होती, तिकडे यांना जमीन द्यायची. कागदावर हे बक्षीस वाटतं. ऑगस्ट १७८१ मध्ये सुमारे हजार माणसं निघाली. पूर्ण हिवाळा वाटेत गेला. १७८२ च्या मे महिन्यात ती पोचली तेव्हा निम्मी राहिली होती, आणि ज्या घरांचं वचन होतं ती घरं तिथे नव्हती. चर्चच्या नोंदवहीत १७८२ या एका वर्षात ३१८ मृत्यू आहेत. मार्च १७८३ मध्ये जिवंत होते १३५ जण.

या १३५ जणांपासून गाव पुन्हा उभं राहिलं. पुढे आजूबाजूला जर्मन वस्त्या झाल्या. जर्मन संख्येने जास्त, धर्म एकच लुथेरन, त्यामुळे स्वीडिश भाषा त्यांच्यात विरघळून जायला काहीच हरकत नव्हती. तरी ती टिकली. दागोची जुनी बोली घराघरांत बोलली जात होती. १८८५ मध्ये त्यांचं स्वतःचं चर्चही झालं. न पाहिलेला स्वीडन त्यांनी दीडशे वर्षं 'आपला' मानला.

आणि मग तो स्वीडन खरोखरच भेटला. क्रांती, यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी गाव पिचलं होतं. धर्मगुरू क्रिस्टोफर होआस यांनी पाठपुरावा केला, सोव्हिएत सरकारने परवानगी दिली, आणि १ ऑगस्ट १९२९ ला जवळजवळ नऊशे माणसं स्वीडनच्या ट्रेलेबोर्ग बंदरात उतरली. स्वागत थाटात झालं. पण त्यांना हवं होतं एकत्र राहायला एक गाव, आणि नेमकं तेच मिळालं नाही. कुटुंबं वेगवेगळ्या शेतांवर विखुरली गेली. बरीच गॉटलंड बेटावर स्थिरावली, काही कॅनडाला गेली. माझं मत विचाराल तर १७८२ च्या मृत्यूंनी जे मोडलं नव्हतं, ते या प्रेमळ स्वागताने मोडलं.

अडीचशेच्या आसपास माणसं पुढच्या दोन वर्षांत परत युक्रेनला आली! आज आपल्याला हे वेडेपण वाटेल. पण त्यांच्या ओळखीची माती ती होती, आणि स्वीडनचे कम्युनिस्टही त्यांना तसंच सांगत होते. 'लाल स्वीडिश गाव' नावाची सामूहिक शेती निघाली. त्यानंतर लगेच १९३२-३३ चा दुष्काळ आला. पुन्हा स्वीडनला जायची इच्छा बोलून दाखवणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. १९३७-३८ मध्ये गावातल्या अनेक पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावकऱ्यांना आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेलं. युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांतल्या अनेकांना सक्तमजुरीला धाडलं. तिथून सुटून काहीजण गावी परतले. गावाचं नाव तोवर वेर्बिव्का झालं होतं, आणि नंतर तेही झ्मीइव्कात गेलं.

२००८ मध्ये स्वीडनचे राजे सोळावे कार्ल गुस्ताफ या गावात आले होते. तेव्हा जुनी बोली येणाऱ्या मोजक्या वृद्ध स्त्रिया उरल्या होत्या. २०२२ मध्ये गाव रशियाच्या ताब्यात गेलं आणि नोव्हेंबरमध्ये सुटलं. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं, गावासमोरचा जलाशय आटला. १८८५ च्या त्या चर्चमध्ये आता ऑर्थोडॉक्स प्रार्थना होते.