असईचा हत्ती

स्कॉटलंडच्या पायदळाच्या निशाणावर हत्ती आहे. ‘असई’ हे मराठी गावाचं नावही त्यावर आहे. लढाई झाली जालना जिल्ह्यातल्या असईला, पण हे निशाण देण्याचा हुकूम सुटला कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधून.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती आणि तिच्यावर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली चालून आला. त्याच्याकडे दोन स्कॉटिश पलटणी होत्या. डावीकडची ७८वी ओळ न मोडता तोफांवर गेली आणि त्या मानाने थोडक्यात निभावली. उजवीकडे मात्र आघाडीच्या तुकड्यांचा म्होरक्या वाट चुकून थेट गावाच्या रोखाने निघाला. ७४वी पलटण त्याच्यामागे गेली आणि गावातल्या बंदुका व बाहेरच्या तोफा यांच्या तोंडी सापडली. वरून मराठी घोडदळ येऊन कोसळलं. पडलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा करून उरलेले झुंजत राहिले. १९व्या लाइट ड्रॅगून्सचे स्वार धावून आले म्हणून काही जण वाचले. सुमारे ५०० पैकी ४०० ठार किंवा जखमी. धडधाकट अधिकारी एकच उरला, तोही क्वार्टरमास्टर, म्हणजे शिधासामान सांभाळणारा! विजयाइतकंच हे चुकलेल्या वाटेचंही निशाण आहे, असं मला वाटतं.

कोलकात्यात गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली, आर्थरचा थोरला भाऊ; तेव्हा कौतुकात घरचा वाटा होताच. पायदळाच्या पलटणीकडे एरवी दोन निशाणं असत, एक राजाचं आणि एक पलटणीचं. ७४व्या आणि ७८व्या पलटणीला कंपनी सरकारने तिसरं दिलं. ड्रॅगून्सनाही मानाचं निशाण मिळालं.

७४वी १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली, ती १९५९ मध्ये रॉयल हायलँड फ्युझिलिअर्समध्ये आणि तीही २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये. नावं बदलत गेली, तिसरं निशाण मात्र या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनकडे आजही आहे.

असईला वेलस्लीच्या बाजूने लढलेले बहुतेक शिपाई मद्रासी पलटणींचे होते, हे स्कॉटिश कौतुकात मागे पडतं. हत्तीचा मान त्यांनाही मिळाला होता. स्वातंत्र्यानंतर भारतीयांविरुद्ध जिंकलेल्या लढायांचे सन्मान मिरवायचे नाहीत असं लष्कराने ठरवलं आणि त्यात असईही गेली. मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरचा हत्ती मात्र तसाच राहिला. ढालीवर उभा, मागे दोन तलवारी, आणि लष्करात त्याला अजूनही ‘असईचा हत्ती’च म्हणतात.